पट अडतीस, शिक्षक दोन, आणि वीस महिने फोन

जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, द्विशिक्षकी. पट ३८, घरं २९. दोन वाड्या आणि ओढ्यापलीकडे एक वस्ती. कोरोनामुळे मार्च २०२० च्या मध्यात बंद झालेली ही शाळा १ डिसेंबर २०२१ ला उघडली. मोठ्यांचे वर्ग मध्ये उघडले, मिटले, परत उघडले; पहिली ते चौथीच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. त्या वीस महिन्यांत आम्ही दोघांनी काय केलं, कुठे फसलो आणि कशामुळे टिकलो, एवढंच इथे लिहितो.

पहिली चूक सर्वेक्षणात झाली. आम्ही घरोघर विचारलं, "स्मार्टफोन आहे का?" बहुतेकांनी "आहे" म्हणून सांगितलं. ग्रुप तयार केला, सकाळी अकराला अभ्यास टाकला, आणि दुपारपर्यंत तो दोघांनी पाहिला. फोन लावला तर पलीकडून आई म्हणायची, "गुरुजी, फोन रानात हाय." तेव्हा कळलं की प्रश्नच चुकीचा होता. विचारायला हवं होतं ते हे: दुपारी बाराला फोन कुणाच्या खिशात असतो? रिचार्ज किती दिवसांचा मारता? रेंज घरात येते की टेकाडावर जावं लागतं? घरात वाचता येणारं कोण आहे? हे प्रश्न घेऊन दुसऱ्यांदा फिरलो तेव्हा चित्र वेगळं निघालं. २९ घरांत स्मार्टफोन १७, पण दिवसा घरी राहणारे फक्त ६. साधा बटणांचा फोन ८ घरांत. चार घरांत काहीच नाही. मग एकच पद्धत सगळ्यांना लावणं सोडून दिलं.

वरून रोज 'शाळा बंद... पण शिक्षण आहे' या अभ्यासमालेच्या लिंका यायच्या. साहित्य चांगलं होतं, पण लिंक उघडली की व्हिडिओ, आणि दिवसाचा दीड जीबी डेटा नववीतला थोरला भाऊ आधीच संपवून बसलेला. आम्ही व्हिडिओ सोडले आणि आवाजावर आलो. व्हॉट्सअ‍ॅपवर तीन मिनिटांचा आवाज अर्ध्या एमबीत बसतो; व्हिडिओ तेव्हा १६ एमबीच्या वर जातच नव्हता, म्हणजे कापाकापी आलीच. आवाजाचा नियम असा ठेवला: तीन मिनिटांच्या आत, एका वेळी एकच काम, आणि पहिल्या वाक्यात पानाचा नंबर. "तिसरीचं गणिताचं पुस्तक घ्या, पान अमुक, बोट ठेवा." बोट ठेवा म्हटल्यावर पाच सेकंद गप्प राहायचं. ही पाच सेकंदं ठेवली नाहीत, तर मूल पान शोधत असताना आपण पुढे निघून गेलेलो असतो.

साध्या फोनवाल्यांसाठी कॉल मर्ज करायचो. आपल्या फोनवरून एका वेळी पाच घरं जोडता येतात. वीस मिनिटं पुरतात. त्यापेक्षा जास्त ताणलं की मुलं हुंकार देत राहतात आणि कान दुसरीकडे असतात. यात दोन गोष्टी बिघडतात. एका घरात भांडी वाजली की पाचही घरांत वाजतात, आणि कुणी चुकून कॉल होल्डवर टाकला की त्याची धून सगळ्यांना ऐकू येते. धून सुरू झाली की कोणाची ते शोधत बसू नये. सगळे कॉल तोडून पुन्हा जोडावेत, तेच लवकर होतं. पाढे, मोठ्याने वाचन, तोंडी गणितं, गोष्ट पुढे नेणं हे फोनवर उत्तम चालतं. भागाकाराची मांडणी चालत नाही. ती कागदावरच.

कागद म्हणजे कृतिपत्रिका. आठवड्याला मुलामागे दोन कागद पाठपोट. झेरॉक्स तालुक्याला, आणि सुरुवातीला दुकानंच बंद. तेव्हा कार्बन पेपर लावून हाताने लिहिल्या. कार्बनखाली तीन प्रती नीट उमटतात, चौथी पुसट येते. वाटपाचा प्रश्न तांदळाने सोडवला. पोषण आहाराचा शिधा कोरडा द्यायचा होता: पहिली ते पाचवीला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे शाळेचे २४ दिवस धरले तर मुलामागे २ किलो ४०० ग्रॅम, आमच्या पटाला ९१ किलो २०० ग्रॅम, डाळ-कडधान्य वेगळं. त्या दिवशी प्रत्येक घरातून कोणीतरी येतंच. पिशवीत तांदूळ, वर कृतिपत्रिका, आणि मागची भरलेली पत्रिका परत. पोती मात्र पालकांसमोर तोलून घ्यावीत आणि वजन तिथल्या तिथे नोंदवावं. पोत्यावर छापलेलं वजन आणि काट्यावरचं वजन यांत फरक निघतो आणि तो फरक शेवटी मुख्याध्यापकाच्या नावावर बसतो.

टीव्ही असलेल्या घरांसाठी जुलै २०२० पासून सह्याद्रीवर 'टिलीमिली' ही इयत्तावार पाठांची मालिका होती. आमचं काम फक्त आदल्या रात्री इयत्तेची वेळ कळवण्याचं.

इथवर शिकवण्याचं झालं. दमछाक मात्र यामुळे झाली नाही. शाळेत घंटा असते, फोनला नसते, ही खरी अडचण होती. पालक सातला रानातून येतात, म्हणून वही तपासायचे फोटो साडेसातनंतर यायला लागतात. त्यात वाकडे, सावली पडलेले, आडवे फोटो. एका मुलाचे चार, म्हणजे रात्री शंभरावर फोटो. फोनची मेमरी तिसऱ्या आठवड्यात भरली. डोळे चुरचुरणं, मानेत कळ, आणि झोपताना "अजून दोघांचं राहिलं" हे डोक्यात. पहिल्या तीन महिन्यांत आम्ही दोघेही या फेऱ्यात होतो आणि दोघांनाही वाटत होतं की फक्त आपल्यालाच जमत नाहीये.

त्यावर जे उपयोगी पडलं ते साधं आहे. ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनने लिहायचं, अशी सेटिंग केली. "गुड मॉर्निंग" आणि बनावट औषधांचे मेसेज एका झटक्यात थांबले. मुलामागे दिवसाला एकच फोटो, पान उजेडात ठेवून, वर तारीख. सोम-बुध पहिली-दुसरी, मंगळ-गुरू तिसरी-चौथी, शुक्रवारी फक्त कॉल. फोटो आपोआप डाउनलोड होणं बंद. आणि सगळ्यांत मोठा फरक पडला तो पाळीने: एका आठवड्यात एकाने संध्याकाळचे कॉल घ्यायचे, दुसऱ्याने कागद आणि अहवाल, पुढच्या आठवड्यात उलट. ज्याची पाळी नाही त्याने संध्याकाळी फोन उचलायचाच नाही. रात्री नऊनंतर दोघांचेही बंद. पालक रागावतील असं वाटलं होतं. कुणी काही बोललं नाही. त्यांनाही नऊला झोपायचं असतं.

आता अहवाल. किती मुलं ऑनलाइन, किती ऑफलाइन, किती संपर्काबाहेर, ही एकच माहिती एका आठवड्यात तीन नमुन्यांत मागितली जायची. एकात मुलगे-मुली वेगळे, दुसऱ्यात प्रवर्ग, तिसऱ्यात इयत्ता. आणि मुदत बहुतेक वेळा "आज दुपारी दोनपर्यंत". ज्यांनी मागितली त्यांच्याही वरून तसंच आलेलं असणार, हे कळत होतं. तरी चिडचिड व्हायचीच. यावर उपाय एकच: एक मूळ तक्ता. मुलाचं नाव, लिंग, प्रवर्ग, इयत्ता, फोनचा प्रकार, फोन घरी असण्याची वेळ, शेवटचा संपर्क कधी, कृतिपत्रिका परत आली की नाही. शेवटचे दोन रकाने दर शनिवारी भरायचे. नमुना कोणताही येवो, या तक्त्यातून दहा मिनिटांत आकडे निघतात. दरवेळी नव्याने फोन करून आकडे गोळा करणाऱ्याचा अर्धा दिवस जातो, आणि आकडे जुळत नाहीत ते वेगळंच.

अध्यापनाबाहेरच्या कामांपैकी दोनच सांगतो. मे २०२० मध्ये मुंबई-पुण्याहून परतलेल्यांसाठी वर्गखोल्या विलगीकरणाला गेल्या. परत मिळाल्यावर सफाईला एक टक्का हायपोक्लोराइटचं जंतुनाशक द्रावण हवं. ताज्या ब्लीचिंग पावडरचं ते लिटरला ३० ग्रॅम पडतं. पावडर गाठाळलेली आणि वास न मारणारी असेल तर तिच्यातलं क्लोरीन उडालेलं असतं, ती कितीही टाका. द्रावण फरशीवर अर्धा तास राहू द्यायचं, मग पाण्याने पुसायचं. दऱ्या आधी बाहेर काढाव्यात, त्यांचा रंग जातो. लोखंडी कपाट गंजतं. आणि संडास धुवायच्या अ‍ॅसिडशी हे कधीही मिसळू नये. निघणारा वायू छातीत जातो.

दुसरं, सप्टेंबर २०२० मधली 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही घरोघर जाऊन ताप-ऑक्सिजन तपासायची मोहीम. पथकाला दिवसाला पन्नास घरं. तापमापक बंदूक उन्हात धरून चाललं की ती चुकीचंच दाखवते. सावलीत काही मिनिटं ठेवून मग वापरावी. रानातून आलेल्या माणसाचं कपाळही तापलेलं असतं, त्याला आधी बसवावं. ऑक्सिमीटरला मेंदी आणि नेलपॉलिश चालत नाही, गार बोटंही चालत नाहीत. हात चोळून घ्यावेत आणि आकडा दहा-पंधरा सेकंद स्थिर झाल्यावरच लिहावा. आम्हांला एका घरात ऑक्सिजन ७२ दिसला आणि घाम फुटला. बाई हसत उभ्या. तो नाडीचा आकडा होता, यंत्र उलटं धरलं होतं. ९५ च्या खाली आकडा आला तर बोट बदलून पुन्हा मोजायचं आणि मगच पुढे कळवायचं.

या कामांचा लेखी आदेश प्रत्येकाने जपून ठेवावा. कर्तव्यावर असताना कोरोनाने मृत्यू झाला तर ५० लाखांच्या साहाय्याची तरतूद होती, पण ते मिळण्यासाठी माणूस त्या कामावर होता हे कागदाने दाखवावं लागतं. तोंडी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर नेमणूक झाली असेल तर दुसऱ्या दिवशी तेच लेखी मागून घ्यावं. हे मागताना संकोच वाटतो. मागावं.

एप्रिल-मे २०२१ मध्ये शिकवण्याचा प्रश्नच उरला नव्हता. फोन केला की घरातली बातमी कळायची. तेव्हा आम्ही अभ्यासाचं बोलणं थांबवून कॉल तीन मिनिटांचा केला: कोण आजारी आहे, जेवण कोण करतं, पोर कुणाकडे आहे. गेलेल्या माणसाबद्दल आपण विषय काढायचा नाही, समोरच्याने काढला तर मध्ये तोडायचं नाही. मुलाशी बोलताना "काळजी करू नकोस" हे वाक्य आम्ही टाकून दिलं, त्याऐवजी "आज काय केलंस?" विचारलं की मूल बोलतं. ज्या मुलांचे आई-वडील दोघंही कोरोनाने गेले, त्यांच्यासाठी राज्याने ५ लाखांची मुदत ठेव जाहीर केली होती, आणि एक पालक गेलेल्यांसाठी बालसंगोपन योजना आहे. मृत्यू दाखला आणि कोरोना तपासणीचा अहवाल दोन्ही लागायचे. अहवालाचा मेसेज फोनमधून पुसला जाण्याआधी त्याची प्रत काढून ठेवायला सांगणं, हे शिक्षकाला सहज जमण्यासारखं काम होतं.

असे पाच-सहा कॉल एका बैठकीत झाले की सातवा करू नये. आम्ही पाचावर थांबायचो आणि मग दुसऱ्या शिक्षकाला एक फोन करायचो, कामाचा नाही. आमच्या शाळा-केंद्रातल्या काही शिक्षकांनी केंद्र सरकारच्या 'मनोदर्पण' या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनवरही बोलून पाहिलं. ती मुलांसाठीच आहे असा बऱ्याच जणांचा समज होता. ती शिक्षकांसाठीही आहे.

१ जुलै २०२१ पासून मागच्या इयत्तेची उजळणी करून घेणारा ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आला, मध्ये तीन चाचण्या. त्याचा खरा उपयोग आम्हांला एवढाच झाला की कोण किती मागे आहे हे घरबसल्या कळलं. भरलेल्या कृतिपत्रिकांवरून ते कळत नव्हतं, कारण त्यांतल्या बऱ्याच ताईने भरलेल्या होत्या. अक्षर ओळखता येतं.

डिसेंबरात शाळा उघडली तेव्हा दुसरीच्या मुलांनी शाळा पाहिलेलीच नव्हती. सुट्टीची घंटा झाली तर ती जागेवरून उठली नाहीत. पहिला महिना पुस्तक काढलं नाही. पाटी, दोन शब्दी वाक्यं, रांगेत उभं राहणं, डबा उघडणं. जानेवारीत पुन्हा बंद, २४ तारखेला पुन्हा सुरू.

मास्क लावून शिकवण्याचा त्रास घशाला होतो. मास्कने सगळाच आवाज सारखा दबत नाही, वरचे बारीक स्वर जास्त दबतात. म्हणून त आणि थ, प आणि फ, स आणि श यांतला फरकच मुलांपर्यंत पोचत नाही, आणि ओठही दिसत नाहीत. आपण ओरडायला लागतो. ओरडून फरक स्पष्ट होत नाही, नुसता घसा बसतो. श्रुतलेखनात 'थवा'चा 'तवा' झाला तर चूक मुलाची नाही. शब्द सुटा, सावकाश, दोनदा म्हणावा आणि अवघड अक्षर फळ्यावर दाखवावं. सलग दोन तास बोलू नये. मध्ये वीस मिनिटं चित्र, लेखन, मूक वाचन. पाण्याची बाटली टेबलावर, दर अर्ध्या तासाला दोन घोट. खाकरू नये, त्याऐवजी आवंढा गिळावा. आवाज दोन आठवडे घोगरा राहिला तर घरगुती काढे पुरे करून कान-नाक-घसा डॉक्टरकडे जावं.