वसाहतकरी घराण्याची पेटी: आधी जमिनीचे कागद, मग पत्रं

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेला ज्या कुटुंबांनी गावं वसवली, त्यांच्या कागदांची पेटी उघडली की प्रत्येकाचा हात आधी पत्रांकडे जातो. पत्रं वाचायला गोड असतात, पण मागे राहिलेल्या आईवडिलांना काळजी वाटू नये म्हणून लिहिलेली असतात. आठवणी तर बऱ्याचदा तीस-चाळीस वर्षांनी लिहिलेल्या. जमिनीच्या कागदावर मात्र शपथ असते, साक्षीदार असतात आणि तारीख असते. म्हणून सुरुवात तिथून करावी.

सिएटलचंच बघा. ते तेव्हा ऑरेगॉन प्रदेशात होतं. ऑरेगॉनच्या १८५० च्या जमीन-दान कायद्यानुसार १ डिसेंबर १८५० पर्यंत आलेल्या अविवाहित पुरुषाला ३२० एकर आणि जोडप्याला ६४० एकर जमीन मिळे, त्यातली निम्मी बायकोच्या स्वतःच्या नावावर. त्यानंतर आलेल्यांना याच्या निम्मी. चार वर्षं तिथं राहून जमीन कसल्याशिवाय हक्क पक्का होत नसे. त्यामुळे या अर्जांत माणूस कधी आला, लग्न कधी आणि कुठे झालं, हे सगळं येतं. एरवी ते शोधायला चर्चच्या नोंदी धुंडाळाव्या लागतात. सिएटलच्या सुरुवातीच्या वसाहतकऱ्यांपैकी डॉक मेनार्डचा दावा बायकोच्या वाट्याच्या कलमावरच अडला. पहिली बायको लिडिया, दुसरी कॅथरीन. बायकोच्या वाट्याचे ३२० एकर शेवटी दोघींपैकी कुणालाच मिळाले नाहीत.

गावाच्या आखणीचे नकाशेही असेच बोलके. २३ मे १८५३ रोजी आर्थर डेनी आणि कार्सन बोरेन या वसाहतकऱ्यांनी आपला नकाशा नोंदवला, मेनार्डने आपला. मेनार्डचे रस्ते होकायंत्राप्रमाणे, उत्तर-दक्षिण. डेनी-बोरेनचे रस्ते किनाऱ्याला धरून. आजही येस्लर वे या रस्त्यापाशी ते एकमेकांना तिरके भिडतात. आणि या नकाशाशेजारी दुसरी एक तारीख लिहून ठेवलीच पाहिजे: ड्वामिश आणि शेजारच्या मूळ रहिवासी जमातींशी जमीन सरकारला देण्याचा पॉइंट एलियटचा तह झाला २२ जानेवारी १८५५ ला. म्हणजे जमिनीचे तुकडे पाडून झाले, त्यानंतर वीस महिन्यांनी. घराण्याच्या पत्रांत हे सहसा सापडणार नाही. कागद तारखेनुसार लावले की आपोआप दिसतं.

राहून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या १८६२ च्या होमस्टेड कायद्याखालचं घराणं असेल तर पेटीत बहुधा एखादी पावती किंवा अंतिम सनद तेवढी असते. ती छोटी वाटली तरी तिच्यावरून जमीन कचेरीचं नाव, नोंद क्रमांक आणि सेक्शन-टाउनशिप-रेंज (सरकारी मोजणीतला जमिनीचा पत्ता) उतरवून घ्या. त्यावरून वॉशिंग्टन डी.सी.तल्या राष्ट्रीय अभिलेखागारातली मूळ फाइल मागवता येते. घर किती फुटांचं, विहीर होती का, किती एकर नांगरले, हे त्या फाइलीतल्या साक्षींत असतं.

आता पत्रं. पाकीट आणि पत्र एकमेकांपासून कधीही वेगळं करू नका. जुन्या टपालशिक्क्यांवर वर्ष पुष्कळदा नसतंच, तेव्हा तिकीट कामाला येतं. तीन हजार मैलांपलीकडच्या पत्राला १ एप्रिल १८५५ पासून दहा सेंट पडत. १ जुलै १८६३ पासून अंतराचा हिशेब गेला आणि देशभर तीन सेंट झाले. तिकिटाच्या कडेला छिद्रं असतील तर ते १८५७ च्या आधीचं नाही.

हाताळणीत सगळ्यात जास्त नुकसान होतं ते घडी उलगडताना. त्या काळची नेहमीची शाई मायफळ आणि हिराकसाची. लिहिताना फिकी, मग काळी, आणि कालांतराने तपकिरी होऊन कागद खाणारी. अक्षरांच्या मागच्या बाजूला तपकिरी छाया उठली असेल तर तो कागद ओलसर करून सरळ करायला जाऊ नका. दमटपणाने शाईतलं लोह आजूबाजूला पसरतं आणि अक्षराच्या रेषेवरच कागद तडकतो. अशी घडी जेवढी सहज उघडेल तेवढीच उघडा आणि बाकी काम जाणकार संवर्धकावर सोडा.

गंजलेली टाचणी ओढून काढू नये. तिच्याखाली पॉलिएस्टरची पातळ पट्टी सरकवून आधी ती सुटी करावी. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन, दोन्ही वर्ज्य. कात्रणांचा आम्लयुक्त कागद शेजारच्या पत्रावर तपकिरी चौकोन उमटवतो, म्हणून त्यांची आम्लमुक्त कागदावर प्रत काढून मूळ कात्रण वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावं. कागदाला हातमोजे नकोत, स्वच्छ कोरडे हात बरे. मोज्यांत कागदाची कड कळत नाही आणि ती फाटते. फोटोंना मात्र नायट्राइलचे मोजे हवेत. टिनटाइप म्हणजे लोखंडी पत्र्यावरचा फोटो कधीच वाकवू नये, वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. ठेवायची जागा २१ अंश सेल्सिअसखाली, आर्द्रता ३० ते ५० टक्के. आकडा गाठण्यापेक्षा तो स्थिर ठेवणं महत्त्वाचं. त्यामुळे माळा आणि तळघर दोन्ही बाद.

दुकानदार घराण्यांच्या पेटीत पातळ पारदर्शक पानांची पत्रवही सापडते. दाबयंत्रात ओलसर पान मूळ पत्रावर दाबून घेतलेली ही नक्कल, म्हणून अक्षरं एका बाजूने उलटी दिसतात. पानामागे पांढरा कोरा कागद सरकवा आणि पलीकडच्या बाजूने वाचा. यातल्या काही शाया पाण्याने लगेच फुटतात, तेव्हा पानं उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही.