बाबाच्या हातच्या वेण्या

धाकटा भाऊ गेल्यापासून त्याचा विषय निघाला की लोकांचं एकच वाक्य ठरलेलं. "फार झुंज दिली हो त्यानं." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्याची लेक चिऊ आता चौथीत आहे, सगळं तिच्या कानावर पडतं. असंच चाललं तर आणखी चार वर्षांनी तिच्याकडे बाप म्हणून नुसता एक पेशंट उरायचा. म्हणून आज लिहायला बसले.

तो नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातूकामाच्या मशीनवर होता. पोरगी शाळेत जायला लागली तशी त्यानं सुपरवायझरच्या मागे लागून कायमची सेकंड शिफ्ट मागून घेतली. सेकंड सहसा कुणाला नको असते, घरी पोचायला मध्यरात्र होते. पण सकाळ मोकळी मिळते, आणि याला सकाळच हवी होती. भावजयीची ऑफिसला निघायची गडबड, त्यामुळे डबा तिच्याकडे आणि वेण्या याच्याकडे.

शाळेला दोन वेण्या आणि पांढऱ्या रिबिनी लागायच्या. सुरुवातीला ती मधल्या सुट्टीतच झिपऱ्या सोडून बसायची. मग हा माझ्याकडे शिकायला आला. कंगव्याच्या टोकानं भांग पाडताना श्वास रोखून धरायचा. तीन पेड सारखे झाले नाहीत तर सगळी वेणी उकलून पुन्हा. मी म्हटलं, "अरे, तिची शाळा भरून जाईल." तर म्हणे, "ताई, मी दिवसभर मायक्रॉनमध्ये, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मापं धरतो, हे कसं चालेल?" शेवटी दोन्ही वेण्या हातात धरून लांबी ताडून बघायचा. जॉब पास झाला की डोक्यावर टपली, आणि चल पळ!

आजारपणाचं थोडक्यात लिहिते, पण एक गोष्ट सोडणार नाही. शौचातून रक्त जात होतं, ते मूळव्याधीवर गेलं. हिमोग्लोबिन घसरलं, तर लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. धडधाकट पुरुषाच्या अंगातलं लोह जातं कुठे, हे कुणीच विचारलं नाही. वय ३६, त्यामुळे आतड्याचा कॅन्सर कुणाच्या मनातही आला नाही. अमेरिकेत या कॅन्सरसाठी लक्षणं नसतानाही करायच्या तपासणीचं वय २०२१ साली ५० वरून ४५ वर आणलं, तरी तो त्यात बसला नसताच. कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्यात कॅमेरा घालून तपासणी झाली तोवर गाठी यकृतात पोचल्या होत्या. पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला जाऊन टाटाला दाखवून आलो, त्यांनीही नाशिकच्या डॉक्टरांचंच औषध सांगितलं, मग केमो नाशिकलाच घेतली. वाचणाऱ्यांपैकी कुणाला असं रक्त जात असेल तर लाजू नका, आणि तपासल्याशिवाय "मूळव्याधच असेल" हे ऐकून घेऊ नका.

दर पंधरवड्याला केमो. त्यातलं एक औषध घरी आल्यावरही जवळजवळ दोन दिवस पंपातून चालू राहायचं. छातीत कातडीखाली औषधासाठी बसवलेल्या पोर्टला नळी आणि कमरेला पाऊच. चिऊ त्याला बाबाचं दप्तर म्हणायची. दुसरं औषध ऑक्सॅलिप्लॅटिन, त्यानं गार वस्तू सोसत नाही. फ्रिजमधली दुधाची पिशवी काढायला हा स्कूटरचे हातमोजे घालायचा. नाशिकची थंडी, त्यात गार पाण्याचा घोट घेतला तर घशात सुया टोचायच्या. पुढे पुढे बोटांची टोकं कायमचीच बधिर झाली. शर्टाची बटणं भावजय लावून द्यायची. वेण्या मात्र त्यानं सोडल्या नाहीत. पेड बोटांना कळेनात, तेव्हा चिऊला पाठमोरी उभी करून, डोळ्यांनी बघत बघत घालायचा. अर्धा तास लागायचा. डॉक्टरांनी बोटांना मुंग्या येतात का विचारलं तेव्हा यानं वेण्यांची अडचण सांगितली. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही, डोस कमी केला.

आता हेही लिहायला हवं की तो देवमाणूस वगैरे नव्हता. केमोबरोबर स्टेरॉइड देतात, त्या रात्री झोप नाही आणि डोकं तापलेलं. साताचा पाढा चुकला म्हणून पोरीवर असा ओरडला होता की शेजारच्या काकू दारात आल्या. त्याच रात्री तीन वाजता उठून तिच्या सगळ्या वह्या-पुस्तकांना खाकी कव्हरं घातली, लेबलं चिकटवली. शाळा सुरू व्हायला अजून महिना होता. सकाळी भावजय वैतागली, कारण सेलोटेपचं पूर्ण रीळ संपवलं होतं.

आज रंगपंचमी. धुळवडीला आमच्याकडे फारसं काही नसतं, नाशिकचा रंग आजचा. चिऊला घेऊन पंचवटीत शनी चौकात रहाड बघायला गेलो. वर्षभर बुजवलेला तो हौद उघडतात, गुलाबी रंगाचं पाणी भरतात आणि पोरं त्यात धप्पा मारतात. ज्याचं पाणी लांब उडेल तो खरा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी भावानं इथंच उडी मारली होती. चिऊला हे माहीतच नव्हतं. तिचे डोळे एवढे झाले.

"आत्या, बाबानं पाणी कुठपर्यंत उडवलं?"

मी समोरच्या वाड्याकडे बोट दाखवलं. "त्या वरच्या गॅलरीपर्यंत."

"काहीही काय सांगता ताई," भावजय म्हणाली. "गॅलरीत मीच उभी होते. एक थेंब आला नाही."

"मग कुणावर उडालं?"

"कुणावर नाही. त्याची चप्पल तेवढी आत राहिली, ती शोधायला त्यानं आणखी चार बुड्या मारल्या."

चिऊ एवढी हसली की तिला उचकी लागली. मग म्हणे, "सापडली का?"