मुंबई ते खांदेरी शिडाच्या बोटीने, आणि मांडव्याला उघडलेली विंच

जानेवारीत शनिवार-रविवार धरून आम्ही तिघं मित्राच्या सव्वीस फुटी बोटीने गेटवेहून खांदेरीच्या बेटापर्यंत जाऊन आलो, रात्री मांडव्याला नांगर टाकून बोटीवरच झोपलो. रूट सोपा आहे, पण जाणाऱ्यांसाठी मुख्य सांगायचंय ते विंचबद्दल, म्हणजे शिडाची दोरी ज्याच्या ड्रमवर गुंडाळून हँडलने ताणतात ते यंत्र.

सकाळी ओहोटी लागताना निघा, पाणीच बाहेर घेऊन जातं. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून हलका वारा असतो, मग तासभर मरतो, आणि दुपारनंतर वायव्येचा धरतो. खांदेरीकडे जाताना तो पाठीमागून मिळतो त्यामुळे मजेत गेलो. थळच्या आसपास कोळ्यांची जाळी असतात, बोये दिसले की लांबूनच वळा, आणि अंधार पडायच्या आत तो पट्टा पार करा. आम्ही किल्ल्यावर उतरलो नाही, दीपगृह डोळे भरून बघितलं आणि फिरलो.

फिरल्यावर खरी परीक्षा. पाठचा वारा असताना शीटवर, म्हणजे शीड ताणायच्या दोरीवर, ताण कमी असतो म्हणून जाताना काही कळलंच नव्हतं. आता वारा उत्तरेकडे सरकलेला, जिब, म्हणजे पुढचं शीड, घट्ट ताणायची होती, मित्र उजवीकडच्या विंचवर हँडल लावून फिरवत होता आणि ड्रम एकदम उलटा सुटला, हँडल गर्रकन फिरून त्याच्या मनगटावर बसलं. नशीब हाड वाचलं. मग हँडल काढून ठेवलं, शीट हातानेच धरली आणि अंधार पडता पडता मांडव्याला पोचलो. पोचल्यावर आधी त्याच्या मनगटाला पट्टी बांधली.

रविवारी सकाळी वारा नव्हता, तेव्हा विंच उघडली. फेरीबोटींच्या वाटेपासून बाजूला नांगर टाका, नाहीतर प्रत्येक लाटेला पार्ट घरंगळतात. एक पुठ्ठ्याचा खोका घ्या, तळाला विंचच्या मापाचं भोक पाडा आणि तो विंचवर वरून बसवा. हे अजिबात टाळू नका, कारण ड्रम उचलला की आतलं बेअरिंग ग्रीसने त्याला चिकटून वर येतं आणि मध्येच सुटतं. आमचंही सुटलं, पण खोक्यात पडलं म्हणून वाचलं, नाहीतर गेलं असतं समुद्रात. ड्रम धरून ठेवायला आमच्या विंचला वर सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी) आहे, काहींना स्क्रू असतो. प्रत्येक पार्ट काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा.

आत दोन पॉल असतात, म्हणजे स्प्रिंगवरच्या छोट्या खिट्ट्या, त्याच ड्रमला उलटं फिरू देत नाहीत. विंच फिरवताना टिकटिक ऐकू येते ती त्यांचीच. आमचा एक पॉल जुन्या ग्रीसमध्ये आत रुतून बसलेला आणि दुसरा जेमतेम अर्धा बाहेर येत होता. मागच्या पावसाळ्यात बोट वर काढली तेव्हा आम्हीच प्रेमाने भरपूर ग्रीस चोपडलं होतं, त्यात मीठ आणि धूळ बसून चिकट लगदा झाला. पॉलना ग्रीस लावूच नका, पातळ तेलाचा एखादा थेंब पुरे. ग्रीस गिअर आणि बेअरिंगला, तेही बोटाने पुसल्यासारखं पातळ.

सगळे पार्ट परातीत रॉकेलमध्ये भिजवले, जुन्या टूथब्रशने घासले, फडक्याने कोरडे केले. रॉकेल समुद्रात ओतू नका, डब्यात भरून परत आणा. विंचच्या बुडाला पाणी जायला भोक असतं तेही तारेने मोकळं करा, आमचं पार बुजलं होतं. पॉल बसवल्यावर बोटाने दाबून बघा, टचकन बाहेर यायला हवा, हळू आला तर परत धुवा. पॉल उलटा बसला तर तोच अपघात पुन्हा होईल, म्हणून फोटोशी ताडून बघा. ड्रम घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटसुटीत फिरायला हवा, उलटा अजिबात नाही.

एका विंचला दीड तास लागला, डावीकडची मग पाऊण तासात झाली. एक स्प्रिंग वाकली होती, स्पेअर होती म्हणून निभावलं, तेव्हा स्प्रिंगा आणि दोन पॉल डबीत कायम ठेवा.

परतताना भरती धरली पण वायव्येचा वारा अगदी समोरून, गेटवेपर्यंत सतत टॅक करत, म्हणजे वाऱ्याला एकदा या बाजूने एकदा त्या बाजूने घेत नागमोडी, यावं लागलं आणि प्रत्येक टॅकला दोन्ही विंच टिकटिक करत व्यवस्थित धरत होत्या. मित्राला मात्र हँडलला हात लावू दिला नाही, तो सुकाणूवर.