कार्निव्हलच्या दोन दिवसांत मी घरीच का असते

लंडनमध्ये डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात आरती झाली की प्रसादाच्या रांगेत हा प्रश्न ठरलेला. नॉटिंग हिलचा कार्निव्हल, म्हणजे इथल्या वेस्ट इंडियन लोकांचा रस्त्यावरचा सण, तेव्हा नुकताच होऊन गेलेला असतो किंवा तोंडावर आलेला असतो. "अजून तिथेच असता तुम्ही? आप्पांचं तसं झाल्यावरसुद्धा? निदान ते दोन दिवस तरी लेस्टरला नणंदेकडे जात जा ना." विचारणारे परके नाहीत. आप्पांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, दिवसांना घरी येऊन बसलेली माणसं आहेत. त्यांची काळजी मला कळते. तरीही मी दर वेळी "बघू पुढच्या वर्षी" म्हणते आणि घरी येईपर्यंत धुमसत राहते. मनातलं उत्तर रांगेत उभं राहून देण्याइतकं लहान नाही, म्हणून इथे लिहिते.

तुमचं म्हणणं खोटं आहे असं मी कधीच म्हटलं नाही. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी आणि त्याआधीच्या रविवारी आमच्या पायऱ्यांवर अनोळखी माणसं बसतात, कुणी कोपऱ्यात लघवी करतं, स्पीकरच्या दणक्याने फडताळातली भांडी वाजतात. दोन दिवसांत दहा लाखांच्या आसपास माणसं या अरुंद रस्त्यांवर उतरतात. रोज सुमारे ७,००० पोलीस लागतात आणि त्यांना आता चेंगराचेंगरीची भीती वाटते. २०२४ मध्ये रविवारी, म्हणजे लहान मुलांच्या दिवशी, एका तरुण आईवर तिच्या चिमुरडीसमोर चाकूचे वार झाले आणि ती वाचली नाही. हे सगळं मला तुमच्याआधी कळतं, कारण ते माझ्या दारात घडतं.

मी या घरात नवीन होते तेव्हा दर वर्षी शुक्रवारीच लेस्टर गाठायचे. मूल तान्हं होतं. कार्निव्हल उचलून हाईड पार्कात न्यावा, अशा अर्जावर मी सहीसुद्धा केली होती. तेव्हाच्या माझ्याशी, त्या तरुण बाईशी, मी अजून मनात भांडते. ती म्हणते, पार्कात जागा आहे, झाडं आहेत, कुणाची झोप मोडत नाही, मग हट्ट कशाला? मी तिला सांगते, बाई, हा आधी हॉलमध्येच होता गं. १९५८ च्या ऑगस्टअखेरीस याच गल्ल्यांमध्ये गोऱ्या पोरांच्या टोळ्या वेस्ट इंडियन माणसांना शोधून मारत होत्या, त्यांची घरं फोडत होत्या. त्यानंतर पाच महिन्यांनी, ३० जानेवारी १९५९ ला, त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या क्लॉडिया जोन्स या पत्रकार बाईने सेंट पँक्रसच्या टाऊन हॉलमध्ये कॅरिबियन कार्निव्हल भरवला. भर थंडीत, चार भिंतींच्या आत. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात केल्सो कॉकरेन हा अँटिग्वाचा सुतार, हाताला लागलं म्हणून दवाखान्यात जाऊन रात्री पायी घरी परतत होता, त्याला साउदम स्ट्रीटवर भोसकून मारलं. त्याबद्दल आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही. मी भाजी आणायला गोलबोर्न रोडला जाते तेव्हा तो रस्ता वाटेत लागतो.

पुढे १९६६ मध्ये रोन लॅस्लेट नावाच्या समाजसेविकेने मुलांसाठी रस्त्यावर जत्रा भरवली. रसेल हेंडरसन आपल्या साथीदारांसह तिथे स्टील पॅन वाजवत होता, तो एका जागी न थांबता वाजवत वाजवत चालू लागला आणि लोक मागे निघाले. जिथे आठ वर्षांपूर्वी अंधार पडल्यावर बाहेर पडायची भीती होती, त्याच रस्त्याने. हॉलमधून रस्त्यावर आलेली गोष्ट पुन्हा कुंपणात घालायची?

ती तरुण बाई हे ऐकून घेते आणि म्हणते, इतिहास ठीक आहे, पण माझं बाळ दोन रात्री झोपलेलं नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिचंही चुकत नव्हतं.

आप्पा आमच्याकडे राहायला आले ते सासूबाई गेल्यावर. तरुणपणी पुण्यात मंडळाच्या मिरवणुकीत ताशा वाजवलेला माणूस. पहिल्याच वर्षी शेजारपाजारचे लोक खिडक्यांना प्लायवूड ठोकताना बघून त्यांनी विचारलं, "दंगल व्हायची आहे का?" नाही, मिरवणूक आहे, म्हटल्यावर लेस्टरला यायला साफ नकार दिला. मग मी त्यांच्यासाठी थांबले, नवराही थांबला.

शेजारच्या आँटी त्रिनिदादच्या. साठच्या दशकात पोरगेल्या वयात इथे आल्या. पीटर रॅकमनसारखे घरमालक एकेका खोलीत माणसं कोंबून वाटेल ते भाडं उकळायचे, तो काळ. आता त्या वर्षभर एका मास बँडसाठी, म्हणजे पोशाख घालून नाचत जाणाऱ्या जथ्थ्यासाठी, टिकल्या आणि पिसं शिवतात. आप्पा खिडकीच्या कठड्यावर बोटांनी ठेका धरून बसलेले त्यांनी पाहिले आणि विचारलं, हे कुठे शिकलात? त्यांच्या लहानपणी पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्समध्ये होसेला, म्हणजे मोहरमला, ताशे वाजायचे. १८४५ पासून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, भारतातून तिकडे गेलेल्या लोकांबरोबर गेलेले ताशे. मग शनिवारी त्या आप्पांना केन्सल रोडच्या बागेत पॅनोरमा, म्हणजे स्टील पॅन वाजवणाऱ्यांची स्पर्धा, ऐकायला घेऊन गेल्या. तेलाच्या पिंपांपासून जन्मलेलं वाद्य, आणि त्यावर एका वेळी इतकी माणसं एका सुरात. रात्री आप्पा जेवताना बोलतच होते. एवढं बोललेले मी त्यांना सासूबाई गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

त्यानंतर ते एकही कार्निव्हल चुकले नाहीत. शेवटचा धरून.

त्या सोमवारी सकाळी ते म्हणाले, पित्त झालंय. मी आमसुलाचं सार दिलं. दुपारी खिडकीशी त्यांची खुर्ची होती. मी आत चहा टाकत होते. हाक आली नाही, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते घामाने निथळत होते आणि डावा हात धरून बसले होते. मी फोन लावला. पलीकडच्या बाईला माझं बोलणं ऐकू येईना आणि मला तिचं. बाथरूमचं दार लावून, टबमध्ये वाकून मी पत्ता सांगितला. रस्ता बंद आहे का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, आमच्या सगळ्याच बाजूंचे रस्ते बंद आहेत.

नवरा खाली धावला. दाराला टेकून बसलेली मुलं दार उघडताच आत कोसळली. तो काय ओरडतोय ते कुणाला कळत नव्हतं. आँटींनी त्यांच्या पायऱ्यांवरून पाहिलं, गळ्यातली शिट्टी तोंडात घातली आणि थांबल्याच नाहीत. प्रथमोपचाराचे लोक पायीच आले, पाठीवर पिशव्या घेऊन. त्यांनी जे करायचं ते केलं. मग खुर्चीत बांधून जिन्यावरून खाली आणलं. गाडी जिथवर येऊ शकत होती ती जागा लांब होती, आणि मधे माणसांची भिंत.

तेवढ्यात एक बँड येत होता. ट्रक, मागे पिसांच्या पोशाखातल्या बायका, आणि बाहेरची गर्दी आत शिरू नये म्हणून चारी बाजूंनी माणसांनी धरलेला दोर. आँटींनी त्यांच्यातल्या एकाच्या कानात काही सांगितलं. ट्रकवरचं गाणं बंद झालं. दोर वर उचलला, आप्पांना दोराच्या आत घेतलं, आणि तो आख्खा दोर आमच्याभोवती घेऊन ती माणसं उलट्या दिशेने चालू लागली. एका बाईने पाठीवरचे पंख काढून रस्त्यावर टाकले, कारण ते आड येत होते. वर्षभर शिवलेले पंख असतात ते. त्यांच्यावरून माणसं चालत गेली.

एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याचे डोळे भरतात, आणि मला तिथे थांबता आलं असतं. पण पुढच्या कोपऱ्यावरची साउंड सिस्टीम बंद झाली नाही. तिथल्या लोकांना कळलंच नाही. आम्ही त्या भिंतीएवढ्या स्पीकरच्या समोर अडकलो, उपचार करणारे एकमेकांशी खुणांनी बोलत होते. एक दारू प्यायलेला मुलगा दोर धरणाऱ्याशी हुज्जत घालत राहिला. कुणीतरी धावत जाऊन आवाज बंद करवला, तोवर किती वेळ गेला हे मी मोजलं नाही. नवऱ्याने मोजलं. तो आकडा त्याला पाठ आहे.

आप्पा त्याच रात्री हॉस्पिटलमध्ये गेले. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, साध्या दिवशीही वाचले असते असं सांगता येत नाही. मी याचा अर्थ एक घेते, नवरा दुसरा.

राहण्याचा हट्ट त्यांचा होता, हे मी प्रत्येकाला सांगते. खरंही आहे. पण त्या वर्षी त्यांची तब्येत बघता हट्ट मोडून त्यांना गाडीत बसवणं मला जमलं असतं. मला मोडायचा नव्हता. मलाही राहायचंच होतं. हे मी प्रसादाच्या रांगेत कधी बोललेले नाही.

ग्रेनफेल टॉवरच्या आगीत २०१७ च्या जूनमध्ये ७२ माणसं गेली, आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आता कार्निव्हलच्या दोन्ही दिवशी दुपारी ३ वाजता सगळं संगीत थांबतं, ७२ सेकंद. पहिल्यांदा ते झालं तेव्हा नवऱ्याने लेस्टरहून फोन केला. म्हणाला, "म्हणजे सगळ्यांना एकदम थांबता येतं." त्यावर मी काय बोलणार? फोन हातात धरून उभी राहिले.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आप्पांच्या आठवणीसाठी राहते, असं सांगितलं तर तुम्ही लगेच समजून घ्याल. तसं नाहीये. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडमुळे रस्त्यावर कार्निव्हल झाला नाही, तेव्हा मी गाढ झोपले आणि मला बरं वाटलं. आठवणीसाठी राहणारी बाई अशी झोपली नसती.

मी राहते कारण आमची गल्ली त्या दोन दिवसांत पूर येणार असल्यासारखी रिकामी होते. इथली घरं आता काही दशलक्ष पौंडांना विकली जातात. ज्यांनी या खोल्यांमध्ये दिवस काढले त्यांच्यातले बहुतेक भाडी परवडेनाशी होऊन केव्हाच लांब गेले. वर्षातून दोन दिवस ते, त्यांची मुलं, नातवंडं आपल्या जुन्या रस्त्यावर येतात, आणि दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या. आँटी सांगतात, पूर्वी खिडक्यांतून माणसं ओळखीच्यांना हाका मारायची. आता वर बघायला कुणी नसतं. माझ्या घराच्या खिडकीत तरी माणूस असावं, असं मला वाटतं.

आणि आपण, इथली मराठी माणसं, यात कुठेच नाही असं मला मान्य नाही. मी इथे आले तेव्हा भाड्याची खोली बघायला गेल्यावर रंग बघून तोंडावर दार बंद करणं बेकायदा ठरून कित्येक वर्षं झाली होती. १९६८ चा तो कायदा आपोआप झाला नाही. आधी आलेल्यांनी मार खाल्ला, कोर्टकचेऱ्या केल्या, रस्ता सोडला नाही. वेस्ट इंडियन लोकांच्या मँग्रोव्ह रेस्टॉरंटवर पोलिसांच्या धाडींवर धाडी पडायच्या, त्याविरुद्ध मोर्चा काढला म्हणून नऊ जणांवर खटला झाला. ५५ दिवस चालला. दंगल भडकवल्याच्या मुख्य आरोपातून नऊही जण सुटले. ते ऑल सेंट्स रोडचं रेस्टॉरंट आमच्या घरापासून जवळच होतं. हे डॉलिस हिलला कुणाला सांगायला लागले की विषय बदलतो, "पण ते लोक जरा वेगळेच ना," असं कुणीतरी हळूच म्हणतं, आणि लक्ष्मी रोडवर दुसऱ्या दिवसापर्यंत चालणाऱ्या विसर्जन मिरवणुकीचे व्हिडिओ त्याच फोनवर कौतुकाने दाखवतं. तिथेही आजारी माणसं असतात, तिथलेही काही जण ते दिवस गाव सोडतात. त्यांना कुणी विचारत नाही की सण पार्कात का नेत नाही.

आप्पांनंतर मी प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलं. खालच्या मजल्यावरची खिडकी आम्ही फळीने बंद करत नाही. म्हाताऱ्या माणसांना आणि लेकुरवाळ्यांना बाथरूम वापरायला देतो. मागच्या गल्लीचं फाटक आँटी आणि मी मोकळं ठेवतो, कुणाला बाहेर काढायची वेळ आली तर. यातलं काहीही नवऱ्याला पटवण्यासाठी पुरेसं नाही आणि पुरेसं व्हावं अशी माझी अपेक्षाही नाही. त्याचे वडील गेले आहेत.

या वर्षीही तो शुक्रवारी लेस्टरला जाईल, मंगळवारी येईल. मी राहीन. मला पुन्हा विचारायचं असेल तर जरूर विचारा, आता हे वाचायला सांगेन. फक्त तो शेजारी उभा असताना विचारू नका. तुमचा प्रश्न माझ्यासाठी असतो, पण घरी गेल्यावर रात्रभर जागा तो राहतो.