शंका आली की मुलगा मैदानाबाहेर

२००६ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १३ वर्षांचा झॅकरी लिस्टेड अमेरिकन फुटबॉल (हेल्मेट घालून खेळतात तो) खेळताना डोकं आपटूनही त्याच सामन्यात पुन्हा उतरला आणि मेंदूत रक्तस्राव झाला. २००९ मध्ये त्याच्या नावाने कायदा आला: कन्कशनची (डोक्याला मार लागून मेंदूला बसलेल्या धक्क्याची) नुसती शंका आली तरी खेळाडू बाहेर, प्रशिक्षित वैद्यकीय व्यावसायिकाच्या लेखी परवानगीशिवाय परत नाही.

शुद्ध हरपतेच असं नाही, इथेच प्रशिक्षक फसतात. हेल्मेट कवटी वाचवतं, आतला मेंदू हलतोच. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या तर थेट इस्पितळ गाठा. एरवी एक-दोन दिवस आराम, मग खेळात हळूहळू परतण्याचे सहा टप्पे, प्रत्येकाला किमान २४ तास. अंगाला अंग भिडणारा सराव पाचव्या टप्प्यावर, तोही डॉक्टरांनी होकार दिला तरच.