अर्धी अगरबत्ती

घरी ध्यान टिकलं नाही की लोक मनाला बोल लावतात. मला विचाराल तर खोट बहुतेक वेळा गुडघ्यात असते, नाहीतर कूलरमध्ये, नाहीतर नळाच्या वेळेत. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना ध्यानकेंद्रात १० दिवसांचं शिबिर केलेल्यांना घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. तिथे फोन नसतो, स्वयंपाक नसतो, बोलणंही बंद, म्हणून तास निघून जातो. जळगावातल्या दोन खोल्यांच्या घरात तो निघत नाही. मी १० मिनिटांपासून सुरुवात केली, दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवली आणि सव्वा महिन्यानं २० वर थांबलो.

सगळ्यात जास्त वेळ बैठकीत गेला, आणि तो तिथेच घालवावा. खाली सतरंजी, तिच्यावर गोधडीची घट्ट घडी, चारेक बोटं उंच, फक्त बुडाखाली. मांडी घातल्यावर गुडघे कमरेपेक्षा खाली येऊन जमिनीला टेकले पाहिजेत. ते अधांतरी राहत असतील तर कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो, आणि सात-आठ मिनिटांत पाठ बोलायला लागते. अशा वेळी जिद्द कामाची नाही, घडी आणखी एक पदर जाड करा. पायाला मुंग्या येतात त्या मांडीखालची नस घडीच्या काठावर दबल्यानं. पुढच्या काठाशी सरकून बसा, मांड्या घडीबाहेर मोकळ्या राहू द्या. उठल्यावर दोन मिनिटांत जाणाऱ्या मुंग्यांचं काही नाही, पण गुडघ्याच्या सांध्यात कळ आली तर तेव्हाच पाय सोडायचा. गुडघे जुने असतील तर सरळ खुर्ची घ्या, पाठ न टेकता. तळवे जमिनीला पोचत नसतील तर पायाखाली पाट.

वेळेसाठी गजर नको, दचकायला होतं. अगरबत्ती बरी. आधी आपल्या पुड्यातली एक काडी लावून घड्याळ बघा. माझी ४० मिनिटं चालायची, म्हणून अर्धी मोडून लावतो. एक गोम आहे: कूलरच्या झोतात तीच अर्धी काडी १४-१५ मिनिटांत संपते, आणि आपली बैठक छान झाली असं वाटतं. काडी आडोशाला ठेवा, जरा लांब, नाहीतर धुरानं ठसका लागतो.

कूलरचा आवाज मात्र आड येत नाही. एकसारखा आवाज कानाआड होतो. टाकीतलं पाणी संपल्यावर पंप गुरगुरतो तो होत नाही. म्हणून बसण्याआधी टाकी भरायची. मे महिन्यात पारा ४५ कडे गेला की स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेलाच असतो. तेव्हा पहाटे पाचला गच्चीवर, डासांसाठी अंगावर पातळ चादर.

बसल्यावर करायचं एवढंच: नाकपुडीच्या तोंडाशी श्वास जिथे लागतो तिथे लक्ष, आणि प्रत्येक उच्छ्वास संपला की एक आकडा. दहापर्यंत गेलं की परत एक. मधेच कपाशीच्या भावात गुंतलात तर कुठवर आलो होतो ते आठवत बसू नका, एकपासून घ्या. आकडे २३-२४ वर पोचले तर समजा, तोंड मोजतंय आणि लक्ष दुसरीकडे आहे. नवख्याची नेहमीची चूक अशी की तो आकड्याच्या तालावर श्वास घेऊ लागतो. मग छाती आवळते, डोकं जड होतं. आधी श्वास जाऊ द्या, आकडा त्याच्या मागून. एक नाकपुडी बंद वाटली तर घाबरू नका, ती बाजू दिवसभर आपोआप बदलत असते. सर्दीनं दोन्ही चोंदल्या तर पोटाच्या वरखाली होण्यावर लक्ष ठेवा.

झोप येते, त्याला कारण बहुधा आदल्या रात्रीचं भरीत-भाकरीचं उशिराचं जेवण. डोळे अर्धे उघडून तीन-चार फुटांवरच्या फरशीकडे नजर टाकली की मान सावरते. तरीही पेंग येत असेल तर उभं राहून करा. आणि खूप उदासी किंवा भीतीचे झटके यांवर औषध चालू असेल, तर लांब बैठका सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

भुसावळ-जळगाव अप-डाउन करणाऱ्यांनी गाडीत डोळे मिटू नयेत, पाकीट जातं. उघड्या डोळ्यांनी तळव्यांखालच्या फरशीचा थरकाप जाणवू द्यावा, एवढं पुरतं.

नळाच्या दिवशी मांडी घालून बसणं होत नाही. त्या दिवशी ड्रमजवळ पाटावर बसायचं आणि पाण्याच्या आवाजाला धरून राहायचं. ड्रम रिकामा असताना आवाज खोल असतो, भरत येतो तसा बारीक होत जातो. तो शेवटचा बारीक सूर हुकला तर पाणी अंगणात गेलेलं असतं, आणि घरातले आठवण करून देतात.