आमची वाटचाल : करंजी बुद्रुक

२००९ साली नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळ आम्ही नवरा-बायकोने गाळा घेतला, तेव्हा पाटीवर तीन ओळी होत्या : झेरॉक्स, डीटीपी, प्रतिज्ञापत्रे. कोर्टाच्या कामाला आलेली माणसं जुन्या खतांच्या प्रती काढायची आणि जाता जाता विचारायची, "हे वाचून कोण देईल हो?" शेवटी बायकोने मोडीचा वर्ग लावला. मीही मागून शिकलो, पण डोळा तिचाच. पाटीवर चौथी ओळ चढली : मोडी लिप्यंतर, वंशावळ.

वंशावळीसाठी नाशिकइतकं सोयीचं गाव नाही. इथल्या आणि त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या आहेत. कोण कुठून आला, कोणाच्या अस्थी घेऊन आला, भाऊ किती, मुलगे किती, खाली सही. पण ही चोपडी उघडते ती आडनाव आणि मूळ गाव सांगितल्यावर. तुम्ही आयुष्य कुठे काढलंत याला तिथे फारशी किंमत नाही.

२०१६ मध्ये संगमेश्वर तालुक्यातल्या एका भावकीने कुलदैवताच्या जीर्णोद्धारासाठी वंशावळ करायला दिली. गुरुजींनी पानांचे फोटो काढू दिले. शके १८४५, म्हणजे १९२३ सालच्या नोंदीत धाकट्या शाखेतला एकजण वडिलांच्या अस्थी घेऊन आला होता. त्याचं 'हल्ली मुक्काम' मी वाचलं : करंजी बु॥. पुढच्या ओळीच्या सुरुवातीला 'दर' अशी दोन अक्षरं होती, ती कुठेच बसेनात. मी तीन टिंबं दिली आणि पुढे गेलो. भावकीतली मुलं बिचारी कोपरगावकडची, पाथर्डीकडची करंजी पालथी घालून आली. काही हाती लागलं नाही. छापील वंशावळीत त्या शाखेखाली ओळ आली : 'पुढील माहिती मिळत नाही.' आम्ही पैसे घेतले, प्रसादाचा नारळही घेतला.

मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. लॉकडाउनमध्ये झेरॉक्स मशीन विकलं. २०२३ च्या सप्टेंबरात मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि त्यासाठी मोडी वाचणारा माणूस एकदम भाव खाऊ लागला. गाळ्याबाहेर रांगा. कोणी म्हणायचं, "साहेब, कुणबी निघालंच पाहिजे." कागदावर असेल तेच निघेल, असं सांगून आम्ही काही गिऱ्हाइकं घालवली. त्याचं वाईट वाटत नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत डोंबिवलीचे एक निवृत्त बँकवाले काका आले. वडिलांच्या अस्थी रामकुंडावर सोडल्या होत्या. नामावळीत नाव घालायचं तर उपाध्यायांनी मूळ गाव विचारलं, ते सांगता येईना, म्हणून त्यांनीच आमच्याकडे धाडलं होतं.

"गाव कुठलं?"

"कराची."

"ते नव्हे काका, मूळ गाव."

"कोकणात कुठेतरी. बाबा अकरा वर्षांचे होते हो निघाले तेव्हा."

कराचीत मराठी माणूस कसा, असं विचारणारे अजून भेटतात. सिंध १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. पुण्याहून धारवाडला बदली व्हावी तशी माणसं कराचीला जायची. तिथल्या १८५५ सालच्या सरकारी शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्यांचं नाव आहे. या काकांचे आजोबा तिथे गोदीत कारकून होते. १९४७ ला कुटुंब बोटीने मुंबईला उतरलं ते थेट गिरगावात, ओळखीच्यांच्या चाळीत. कल्याणच्या छावणीत, म्हणजे पुढच्या उल्हासनगरात, ते गेलेच नाहीत. तेव्हा तिथल्या कागदात त्यांना शोधून उपयोग नव्हता. निर्वासित होते, पण निर्वासितांत मोजलेले नव्हते.

काकांनी आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी तीन नावं सांगितली. मी लिहून घेत होतो. मागून बायको म्हणाली, "अहो, हे तर आपले करंजीवाले."

जुना फोटो काढला. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि तिच्याखाली बोरू फारसा न उचलता लिहीत जातात. शब्दांत अंतर नसतं, ओळ संपली की शब्द असेल तिथून मोडतो. अनुस्वार तर कित्येकदा नसतोच, वाचणाऱ्याने धरायचा. तो मी जिथे नव्हता तिथे धरला होता, आणि शाईच्या डागातल्या 'च'चा 'ज' केला होता. 'बु॥' असं काही नव्हतंच. होता नुसता 'बं', आणि खालच्या ओळीवर 'दर'. कराची बंदर. आठ वर्षं ते आमच्याच हार्ड डिस्कवर पडून होतं.

खात्रीसाठी तहसीलमधून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यू नोंदींची (गाव नमुना १४), नक्कल काढली. आजोबांचा जन्म सापडला. मी भावकीच्या अध्यक्षांना फोन केला, चूक सांगितली, २०१६ चे पैसे परत केले. ते म्हणाले, "पैशाचं राहू द्या, ते काका देवळात कधी येतायत ते सांगा." काका शिमग्याला गेले.

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक पान दोघं वेगवेगळं वाचतो आणि मग ताडून बघतो. संशयाचा शब्द असेल तर त्याचा फोटो लिप्यंतराशेजारी चिकटवून देतो. वेळ दुप्पट लागतो, दर दीडपटच केला आहे. टिंबं बंद.

नामावळीत काकांची नोंद झाली. वर आजोबांची मोडीतली सही, खाली यांची देवनागरी, बॉलपेनने.

फाइल मात्र मिटलेली नाही. काकांना एक आत्या होती, वडिलांपेक्षा बरीच मोठी, कराचीतच दिलेली. वडील तिला नुसतं 'ताई' म्हणायचे, आणि ती मागच्या बोटीने येणार होती एवढंच सांगायचे. सासरचं आडनाव घरात कोणाला ठाऊक नाही. १९२३ च्या नोंदीत मुलग्यांची नावं आहेत. तिच्यापुरतं लिहिलंय : 'कन्या १'. सध्या आम्ही नाशिकला आलेल्या कराचीकर मराठी घरांच्या नोंदी जमवतो आहोत, सुनांची नावं कुठे लिहिली आहेत का ते बघत. आजवर सात घरं झाली आहेत.